मूठभर काळ्या लोंब्या

नोकरीत सगळ्यात जास्त काय केलंत, असं मला कुणी विचारलं तर खरं उत्तर एकच आहे. गहू उपटला. पेरला, मोजला, पाकिटांत भरून थंड खोलीत ठेवला, हेही केलंच. पण उपटण्यात माझा हात धरणारं आमच्या केंद्रात दुसरं कुणी नव्हतं. बांधावर उभी राहिले की वाफ्यातलं परकं झाड मला लांबूनच दिसायचं. या गुणाचा मला भारी अभिमान होता. आता तो का उरला नाही, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहायला होकार दिला आहे. कधी लागले, कधी बढती मिळाली, निरोप समारंभात कोण काय बोललं, हे सगळं गाळते. बढत्या फार नव्हत्याच, त्यामुळे गाळायलाही फारसं काही नाही.

आमचं गहू संशोधन केंद्र सातारा जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात होतं. चार खोल्यांची बैठी इमारत, मागे तांबड्या मातीचे वाफे, आणि हिवाळ्यात उन्हं वर येईपर्यंत न उठणारं धुकं. तिथं नक्की काय करत होता, असं कोरेगावातल्या आमच्या शेजारणी अजून विचारतात. काम समजायला सोपं आहे. डोंगरातले लोक पिढ्यान्‌पिढ्या आपापला गहू पेरत आलेले असतात. दुकानातून बी आणत नाहीत, घरचंच पुढं चालवतात. एका वाडीचा गहू दुसऱ्या वाडीच्या गव्हासारखा नसतो. हा गहू गोळा करायचा, त्याला नंबर द्यायचा आणि मग त्याची परीक्षा घ्यायची. किती दिवसांत लोंबी धरतो, उंच वाढून लोळतो का, दाणा कसा भरतो, आणि मुख्य म्हणजे तांबेरा पडला तर टिकतो का. तांबेरा हा गव्हाच्या पानावर येणारा रोग. पानावर विटकरी पूड धरते, हात फिरवला तर बोटं रंगतात, आणि दाणा पोसायच्या आत झाड वाळून जातं. धुकं आणि दव ही त्याची आवडती हवा, म्हणून तर केंद्र तिथं होतं. आम्ही तांबेरा मुद्दाम आणायचो. वाफ्याच्या कडेनं लगेच रोग धरणारा गहू पेरायचा, म्हणजे तिथून तो सगळ्या ओळींवर पसरतो. ज्या गव्हाला जपायचं, त्याच्याच अंगावर आधी रोग सोडायचा, असं आमचं काम.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढं ती लागणार आहे. बी जिवंत असतं. थंड खोलीत ठेवलं तरी ते हळूहळू म्हातारं होतं. म्हणून दर काही वर्षांनी पाकीट बाहेर काढायचं, पेरायचं, नवं बी धरायचं आणि त्याच नंबराखाली पुन्हा भरून ठेवायचं. नंबर तोच राहतो, आतलं बी बदलतं.

केंद्रावर येणारी माणसंही तऱ्हेवाईक. कोरेगावकडचे एक निवृत्त सुभेदार होते. हिमालयातल्या कुठल्याशा चौकीजवळच्या गावातून त्यांनी लोकरीच्या मोज्यात भरून गहू आणला होता. "बाई, बर्फातनं उठतोय हा गहू. आपल्या हितं तर लय जोमात यील," असं म्हणून त्यांनी मोजा माझ्या टेबलावर ठेवला. मी सांगून पाहिलं की असल्या गव्हाला आधी कडाक्याची थंडी अंगावर घ्यावी लागते, तेव्हाच तो लोंबी धरतो. आपल्याकडची थंडी त्याला पुरायची नाही. त्यांना ते पटेना. मग एक ओळ पेरली. ती उगवली, हिरवीगार झाली आणि शेवटपर्यंत गवतच राहिली. सुभेदार दर आठवड्याला एसटीनं येऊन त्या ओळीपाशी उभे राहायचे. शेवटी मार्चमध्ये म्हणाले, "गड्याला पोस्टिंग मानवलं न्हाई." आणि रिकामा मोजा घेऊन गेले. त्यांचा मला राग यायचा, पण पुढच्या वर्षी ते आले नाहीत तर चुकल्याचुकल्यासारखं झालं.

चपातीची परीक्षा हा तर विनोदच होता. प्रत्येक गव्हाच्या चपात्या करून साहेब लोकांना खायला घालायच्या आणि त्यांनी कागदावर चव, रंग, मऊपणा लिहायचा. सगळे सगळ्यांपुढं "चांगली" लिहायचे आणि चहाला उठायचे. मी उरलेलं पीठ घरी न्यायची. आमचे हे हायस्कुलात गणित शिकवायचे. जेवताना एक घास घेऊन सांगायचे, "कालची बरी होती," किंवा "हा गहू खोटं बोलतोय, वास आहे, चव नाही." केंद्राच्या अहवालात ते कधी आलं नाही, पण माझ्या वहीत आहे.

आता हौसाबाईंकडे येते. पाटण तालुक्यात, डांबरी रस्ता संपल्यावर तासभर चढून गेलं की दहा-बारा घरांची एक वाडी आहे. तिथल्या हौसाबाई. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्या चाळिशीच्या असतील, मी तिशीच्या आतली. मी त्यांना मावशी म्हणायची, त्या मला बाई म्हणायच्या. वाडीत सगळीकडे खपली गहू होता. खपलीचा दाणा मळणी करूनही टरफलातून सुटत नाही, उखळात कांडावा लागतो. खीर, शेवया, पुरणाची पोळी यांना त्याच्यासारखा गहू नाही. हौसाबाईंच्या शेतातल्या लोंब्या फिक्या पिवळ्या होत्या, आणि मध्येमध्ये काळ्या कुसळांच्या, जराशा बुटक्या लोंब्या. काढणीच्या वेळी त्या काळ्या लोंब्या वेगळ्या काढून, जुडी बांधून वळचणीला टांगायच्या.

मी बी मागितलं. त्यांनी सुपात फिकी खपली ओतली, वळचणीची जुडी सोडली, मूठभर काळ्या लोंब्या हातावर चोळून सुपात टाकल्या आणि सगळं हातानं खालवर केलं.

"हे काय घातलंत, मावशी?"

"काळी. पेरताना घालायची आसती. सुपाला मूठभर."

मी वहीत लिहिलं: बियाणात भेसळ, स्त्रिया हातानं मिसळतात. ती वही आजही माझ्याकडे आहे आणि ते अक्षर माझंच आहे, फार वळणदार.

निघताना त्यांनी मला थांबवलं. पहिल्यांदा घरी आलेली सवाष्ण तशीच जायची नाही. कुंकू लावलं, नारळ ठेवला आणि त्या सुपातलीच पाच ओंजळी खपली माझ्या पदरात घातली, टरफलासकट, काळी मिसळलेली. मी केंद्राचं बी पिशवीत आणि ओटीचा गहू पदराला गाठ मारून घेऊन डोंगर उतरले. घरी सासूबाईंनी तो शेजारच्या उखळात कांडून घेतला आणि खीर केली. ह्यांनी तीन वाट्या खाल्ल्या. चौथी मागायला लाजले.

केंद्रात त्या गव्हाला नंबर मिळाला, पण परीक्षेला तो बसेना. परीक्षेसाठी ओळीतली सगळी झाडं सारखी लागतात. काही उंच आणि काही बुटकी असली तर मोजायचं काय? म्हणून आधी शुद्ध करायचा. मी तीन हंगाम तेच केलं. काळं कुसळ दिसलं की उपटलं, बुटकं झाड दिसलं की उपटलं. बांधावर ढीग लागायचा, तो जवळच्या गोठ्यातल्या म्हशी खायच्या. चौथ्या हंगामाला वाफा असा एकसारखा दिसायला लागला की बाहेरून आलेले साहेब तिथं उभं राहून फोटो काढून घ्यायचे. दाणा टपोरा, एकरी उतारा चांगला, आमच्याकडच्या तांबेऱ्यालाही त्यानं दाद दिली नाही. पाकीट काढलं, जुनं मिसळीचं बी ओतून टाकलं आणि त्याच नंबराखाली शुद्ध बी भरलं. हे माझ्या हातानं केलं, कुणी सांगितलं म्हणून नाही.

मग ते बी परत वाडीला दिलं. शेतकऱ्याचा गहू स्वच्छ करून त्यालाच परत द्यायचा, यात मला फार धन्यता वाटत होती. घरटी पिशवी वाटली. हौसाबाईंना मी मुद्दाम सांगितलं, "मावशी, आता काळी घालायची गरज नाही. हे शुद्ध आहे." त्यांनी पिशवीत हात घालून दाणे वर घेतले, बोटांतून खाली सोडले. मग म्हणाल्या, "बरं."

त्या "बरं"पाशी मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. मला खालची एसटी गाठायची होती.

पहिली दोन वर्षं वाडीत नुसता आनंद. काळी कांडायला चिवट, पोळीला काळपट रंग देणारी, आणि उतारा कमी. तिच्यापासून बायकांची सुटका झाली. तिसऱ्या वर्षी पाऊस लांबला, दिवाळीनंतरही डोंगर ओला राहिला, पौषात धुकं खाली बसलं ते उठेना. तांबेरा दरवेळी तोच नसतो. तो रूप बदलतो, आणि काल ज्या गव्हानं त्याला दाद दिली नाही त्यालाच आज धरतो. मी वर गेले तेव्हा सगळ्या वाडीचा गहू विटकरी झाला होता. बांधाबांधानं चालले तर माझी साडी गुडघ्यापर्यंत रंगली. एकसारखी उंची, एकसारखी लोंबी, एकसारखा रोग. माझ्या वाफ्यात जशी झाडं एका रांगेत उभी असायची तशीच ती उभी होती, फक्त दाणे नव्हते.

कुणी मला बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. हौसाबाईंनी चहा केला. मी विचारलं, "मावशी, जुनं बी थोडं ठेवलंय ना?"

"न्हाई, बाई. तुमी शिकलेल्या. तुमी म्हनला शुद्ध हाय, मग जुनं कशाला ठिवायचं? दळलं."

"आणि काळीची जुडी?"

"ती बी दळली."

त्याच वर्षी उन्हाळ्यात आमचे हे गेले होते. निघताना हौसाबाई उंबऱ्यापर्यंत आल्या. इतक्या वर्षांत त्यांनी मला रिकाम्या पदरानं कधी पाठवलं नव्हतं. त्या दिवशी ओटी नव्हती, आणि ती का नव्हती हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.  मी डोंगर उतरले आणि खाली येऊन पुलाच्या कठड्यावर बसून खूप रडले. कुणासाठी रडतेय ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

केंद्रात मी नियमाप्रमाणे अहवाल लिहिला. वाण रोगाला बळी पडला, कारण हवामान. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात, आणि तरी तो कागद सहीसाठी पुढं सरकवताना मला माझीच शिसारी आली.

त्याच सुमारास संपतशेठ आले. हे विट्याकडचे, दूरच्या कुठल्या तरी शहरात सोन्याच्या गलाईचं दुकान. गलाई म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं. त्यांच्या आईचं माहेर पाटणच्या डोंगरातलं. म्हातारीला माहेरच्या गव्हाची खीर आठवत होती, तो गहू मिळतो का पाहायला हे आले होते. मी पाकीट काढून दाणे तबकात ओतले. त्यांनी खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं आणि बराच वेळ पाहिलं.

"लय शुद्ध हाय, मॅडम. असा एकसारखा माल मी सोन्यात बी बगितला न्हाई. पर आई म्हनती तिच्या गव्हात काळं हुतं."

"होतं. ते काढलं आम्ही. भेसळ होती."

"बरं केलं. मग ते काढल्यालं कुठं ठिवलंय?"

"ठेवायचं कशाला? टाकलं."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "टाकलं? मॅडम, आमी दुकानातला केर बी वर्षभर पोत्यात भरून ठिवतो. पायपुसणं झिजलं की जाळून त्याची राख गाळतो. कारागिरांनी हात धुतल्यालं पानी सुदिक सोडत न्हाई. शुद्ध करताना जे बाजूला निघतंय त्यात काय हाय, हे गाळल्याबिगर कुणाला कळतंय?" मग माझा चेहरा बघून ते ओशाळले असावेत. "म्हंजी, आमचा धंदा येगळा म्हना."

धंदा वेगळा नव्हता. माझ्यापेक्षा त्यांना तो जास्त कळत होता, एवढंच. त्यांना मी थोडं शुद्ध बी दिलं आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून हौसाबाईंकडे गेले.

या वेळी मी वही काढली नाही. ओट्यावर बसून विचारलं, "मावशी, काळी का घालायचात?"

त्या हरभरा निवडत होत्या. निवडता निवडताच सांगत गेल्या. धुकं जास्त पडेल त्या साली पिवळी खपली जळते, काळी उभी राहते. दोन्ही मिसळून असल्या तर पिवळीतही रोग भसाभस धावत नाही, काळीशी अडतो. म्हणून मिसळायची. पण काळी फार झाली तर खायला चांगली नाही आणि कांडून जीव जातो, म्हणून मोजून घालायची. दसऱ्याच्या सुमाराला ओढ्याचं पाणी कुठवर आहे, धुकं झाडावर अडतंय की खाली बसतंय, दव उतरताना गवत किती वेळ ओलं राहतंय, हे बघून कधी एक मूठ, कधी दोन, कोरड्या साली अर्धीच. त्यांच्या सासूनं त्यांना शिकवलं होतं, सासूला तिच्या सासूनं.

आम्ही केंद्रात रोगाचे आकडे काढण्यासाठी जे वर्षानुवर्षं करत होतो, ते ही बाई ओढ्याकडे बघून मुठीत मोजत होती.

"मग मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलं काय घालताय, ते सांगितलं. का घालताय, ते तुमी इचारलंच न्हाई. मला वाटलं, तुमाला ठावं आसंल."

 मी विचारलं, ते जुनं बी आणखी कुणाकडे गेलं होतं का. वाडीत कुणाकडे नव्हतं, सगळ्यांनी माझंच बी घेतलं होतं. मग त्या एकदम हरभऱ्याचं सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "कुसुमच्या वटीत घातलं हुतं की."

कुसुम म्हणजे त्यांची लेक. तिचं सासर जावळीच्या खोऱ्यात. हौसाबाईंच्या वाडीत लेकीला सासरी पाठवताना तिच्या ओटीत बियाणाचाच गहू घालतात, पिवळी आणि काळी मोजून मिसळलेला. तिनं तो शिजवायचा नाही, सासरच्या शेतात पेरायचा. माहेरचं बी तिच्या हातानं तिकडं लागतं. हे ऐकताना मला माझी पहिली ओटी आठवली. 

कुसुमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. ती अजून तो गहू पेरते का, हे हौसाबाईंनाही सांगता येईना. फोन नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी दोन एसट्या बदलून तिच्या गावी गेलो.  शेतं दिसायला लागली: सगळीकडे स्ट्रॉबेरी. काळा प्लास्टिकचा कागद, त्यावर लाल फळं, मध्ये ठिबकच्या नळ्या. गव्हाचं एक पान दिसेना.

कुसुम आम्हाला बघून पळतच आली. हौसाबाईंनी पाणी प्यायच्या आधी विचारलं, "गहू हाय का गं आपला?"

"ह्यांनी समदं स्ट्रॉबेरीखाली घातलं बग, आई. औंदा तेवढी पट्टी बी मागत हुते. मी म्हनलं, हात तर लावून बगा." आणि ती आम्हाला विहिरीच्या मागं घेऊन गेली. मोटेच्या बैलांच्या जुन्या धावेच्या उताराला, जिथं प्लास्टिक बसत नाही, तिथं चार-सहा वाकड्या ओळी होत्या. पिवळ्या लोंब्या, आणि मध्येमध्ये काळ्या, बुटक्या. खालच्या पानांवर तांबेऱ्याचे ठिपके होते. त्याच हवेतला, त्याच सालचा. पण तो वर चढला नव्हता. लोंब्या भरलेल्या होत्या.

सवयीनं माझा हात पुढं झाला होता. काळी लोंबी दिसली की हात जायचाच. हौसाबाईंनी तो पाहिला, मीही पाहिला. मी हात मागं घेतला आणि पदराला पुसला.

दोन-तीन आठवड्यांनी गहू पिकल्यावर आम्ही पुन्हा गेलो. कुसुमनं सुपात बी काढलं. मी केंद्राची पिशवी पुढं केली. हौसाबाईंनी ती बाजूला सारली.

"पिशवीत न्हाई. पदर पसरा."

कुसुम कुंकवाचा करंडा आणायला उठली आणि मध्येच थबकली. माझ्या कपाळाकडे बघून खाली बघायला लागली. हौसाबाई तिला म्हणाल्या, "कुकू ऱ्हाऊ दे. गव्हाला काय कळतंय, कुनाच्या कपाळाला काय हाय. बसा, बाई."

मी बसले. पाच ओंजळी गहू पदरात पडला. तेव्हा मला राहवलं नाही. "मावशी, पहिल्या ओटीचा गहू मी पेरला नव्हता. खीर केली होती."

 त्यांनी विचारलं, "कशी झालती?"

"ह्यांनी तीन वाट्या खाल्ल्या."

"मग वाया न्हाई गेला." त्यांनी पदराची गाठ स्वतःच्या हातानं मारली. "ह्यो मातर खायचा न्हाई."

त्यातला एक दाणा मी खाल्ला नाही. निम्मं बी हौसाबाईंनी वाडीत नेलं, दोन-तीन हंगामांत ते घरोघरी परत गेलं. उरलेलं केंद्रात आलं, वेगळ्या नंबराखाली. नोंदीत मी लिहिलं: मिश्रण आहे, शुद्ध करू नये. त्यावरून वरिष्ठांशी बराच वाद झाला, कारण आमच्या छापील तक्त्यात मिश्रणाला रकानाच नव्हता. मी समासात लिहिलं. पुढं मी असेपर्यंत ते पाकीट दुसऱ्या कुणाला पेरू दिलं नाही. माझ्या मागं काय होईल ते मला सांगता येत नाही. नवी मुलं हुशार आहेत आणि त्यांची नजर माझ्यापेक्षा तीक्ष्ण आहे, याचीच मला भीती वाटते. आणि त्याआधीच्या वर्षांत मी आणखी किती वाड्यांचे गहू असेच स्वच्छ केले, हा हिशोब मी मांडत नाही. त्यांच्या लेकी कुठं दिल्या होत्या, हे मी कधी विचारलं नव्हतं.

निवृत्तीनंतर कोरेगावला घरामागच्या गुंठाभर जागेत मी तो गहू पेरते. इथली हवा कोरडी, काळी फारशी लागत नाही, तरी अर्धी मूठ घालते. दर वर्षी पेरणीच्या आधी वाडीला फोन करायचा, हा रिवाज पडला आहे. आता तिथं मोबाइलला रेंज येते, उंबऱ्यात उभं राहिलं तर. "औंदा काळी किती, मावशी?" मी विचारते. त्या सांगतात: वाडीला इतकी, तुमाला इतकी.

गेल्या दिवाळीत फोन केला तर आवाज बारीक आला. त्यांना आता डोळ्यांनी नीट दिसत नाही. म्हणाल्या, "वढा दिसंना मला. सून मला म्हनती, तुमीच सांगा. आता तुमी सांगा, बाई."

मी आदल्याच आठवड्यात वर जाऊन आले होते. ओढा पायरीच्या दगडाला लागून वाहत होता. धुकं सकाळी झाडांवर अडत नव्हतं, सरळ शेतावर बसत होतं. गवतातून चालले तर उन्हं वर आल्यावरही चपला भिजल्या होत्या. हे सगळं मी बघितलं होतं, पण त्याचं काय करायचं ते मला कुणी कधी विचारलं नव्हतं. फोन कानाला लावून मी उभी राहिले. डाव्या हाताची मूठ आपोआप मिटली होती.

"दीड मूठ," मी म्हटलं.

पलीकडे नुसती खरखर झाली. मला वाटलं रेंज गेली.

"व्हय," हौसाबाई म्हणाल्या. "मी बी तेवढीच घातली आसती."